दोन सेकंदांची सुई आणि तिच्या आजूबाजूचा अर्धा तास

फ्लूची लस मी आजवर डॉक्टरांच्या दवाखान्यातच घेत आलो. खोकणाऱ्या, शिंकणाऱ्या माणसांच्या मधोमध तासभर बसायचे आणि ज्या आजाराची लस घ्यायला आलो तोच सोबत घेऊन घरी जायचे, ही भीती दर वर्षी मनात असायची, पण दुसरा पर्याय कधी शोधला नव्हता. यंदा मात्र नेहमी जिथून औषधे आणतो त्याच दुकानात लस मिळते असे कळले, म्हणून फोन करून माझी आणि सत्तरी ओलांडलेल्या आईची वेळ ठरवली. ठरवली एक वेळ, प्रत्यक्षात लस घ्यायला खेपा मात्र दोन झाल्या. आणि त्या दोन खेपांमध्ये एकाच दुकानाची दोन रूपे पाहायला मिळाली, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सुई टोचण्याला दोन सेकंद लागतात आणि ते काम कोणीही प्रशिक्षित माणूस बरे करतो. दुकानाची परीक्षा करायची ती त्याआधीच्या आणि नंतरच्या गोष्टींवरून, असे माझे मत आहे. त्यातली पहिली गोष्ट म्हणजे फ्रिज. फ्लूची लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते, आणि ती गोठली तर फेकूनच द्यावी लागते. गोठून पुन्हा वितळलेली लस दिसायला पूर्वीसारखीच असते, हा त्यातला खरा धोका. या दुकानातला लशींचा फ्रिज वेगळा होता, त्यात कोणाचा डबा किंवा पाण्याची बाटली नव्हती, आणि दारावर लावलेल्या कागदावर रोज सकाळी आणि संध्याकाळी असे दोनदा तापमान लिहिलेले होते. त्या दिवशीची सकाळची नोंद ४.६ अशी होती. खोकी मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला टेकणार नाहीत अशी ठेवलेली होती. मागची भिंत ही फ्रिजमधली सर्वांत थंड जागा असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याच माणसाने ती रचलेली असणार.

दुसरी परीक्षा मी मुद्दाम घेतली. खोक्यावर ही लस तीन प्रकारच्या विषाणूंवरची असल्याचे छापले होते, आणि मी पूर्वी घेतलेली लस चार प्रकारांवरची असल्याचे मला आठवत होते. चाराचे तीन का झाले, हा हलका माल तर नव्हे ना, असे मी सरळ विचारले. फार्मासिस्ट बाईंनी जराही न गडबडता समजावले की, पूर्वीच्या लशीत ए गटातले दोन आणि बी गटातले दोन असे चार विषाणू असत. त्यांपैकी बी गटातली यामागाता नावाची शाखा मार्च २०२० नंतर जगात कुठेच खात्रीने सापडलेली नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२३ मध्ये ती लशीतून वगळण्याची शिफारस केली. जो शत्रू मैदानातच उरलेला नाही त्याच्यासाठी हत्यार कशाला बाळगायचे, असे त्या म्हणाल्या. लशीतले विषाणू दर वर्षी कोण ठरवते हेही त्यांनी विचारल्याशिवाय सांगितले: संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा बसतात, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या पुढच्या हंगामासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, आणि जगभरच्या प्रयोगशाळांमधून आलेल्या नमुन्यांवरून येत्या हंगामात कोणते विषाणू जोर धरतील याचा अंदाज बांधतात. गेल्या वर्षीची लस या वर्षी चालत नाही ती यामुळेच. शिवाय शरीरातली प्रतिकारशक्तीही महिन्यागणिक उतरत जाते. लस देणाऱ्या माणसाकडून इतके नीट उत्तर मला दवाखान्यात कधी मिळाले नव्हते, अर्थात तिथे मी कधी विचारलेही नव्हते.

इथपर्यंत सगळे चोख होते, आणि इथेच पहिली कुरकूर सुरू होते. पासष्टीच्या पुढच्या माणसांसाठी जास्त मात्रेची वेगळी लस असते. नेहमीच्या लशीत प्रत्येक विषाणूमागे १५ मायक्रोग्रॅम प्रतिजन (ज्यावरून शरीर विषाणू ओळखायला शिकते तो अंश) असते, तर या लशीत ६०, कारण वाढत्या वयात शरीर लशीला तितक्या जोमाने प्रतिसाद देत नाही. फोनवर मी आईचे वय सांगितले होते आणि तिची लस शिल्लक असल्याचे उत्तरही मिळाले होते. प्रत्यक्षात ती संपलेली होती. फार्मासिस्ट बाईंनी लपवाछपवी केली नाही. आज हवी असेल तर नेहमीची लस देता येईल, मुळीच न घेण्यापेक्षा ती केव्हाही चांगली, नाहीतर चार दिवसांत दुसरी मागवते, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. हंगाम अजून सुरू झालेला नव्हता, म्हणून आम्ही थांबायचे ठरवले. पण गुडघे धरून जिने उतरलेल्या बाईला रिकाम्या हाताने परत पाठवणे हा काही छोटा दोष नव्हे, आणि फोन उचलणाऱ्याने फ्रिज उघडून पाहिला असता तर तो टळला असता.

माझी लस त्याच दिवशी झाली. कॉलरमधून खांदा बाहेर काढायला लागलो तर बाईंनी थांबवले आणि बाही पूर्ण उतरवायला लावली. मग त्या माझ्याच उंचीला येतील अशा स्टुलावर बसल्या, खांद्याच्या टोकाचे हाड बोटाने चाचपले, त्याखाली दोन-तीन बोटे मोजली आणि तिथे सुई टोचली. हा खटाटोप उगाच नसतो. उभ्याने, घाईत, बाही ओढून दिलेले इंजेक्शन पुष्कळदा फार वर लागते, औषध स्नायूऐवजी सांध्याजवळच्या पिशवीत जाते आणि खांदा महिनोन्‌महिने दुखत राहतो. अर्धा मिलिलिटर औषध, एक चिमटा, आणि रिकामी सिरिंज टोपण न लावता थेट कडक प्लॅस्टिकच्या डब्यात गेली. त्यानंतर पंधरा मिनिटे बसवून ठेवले. लशीची गंभीर ॲलर्जी दहा लाखांत साधारण एखाद्यालाच होते, पण झालीच तर ती बहुधा काही मिनिटांतच दिसते. त्याहून कितीतरी अधिक माणसांना नुसत्या सुईच्या धास्तीने भोवळ येते. अशा गंभीर ॲलर्जीवर तातडीने द्यायचे ॲड्रिनलिनचे इंजेक्शन कुठे ठेवता, हे मी विचारले. बाईंनी हाताशी असलेला खण उघडून ते दाखवले आणि त्यावरची मुदतही वाचून दाखवली. मी जरा जास्तच चौकस गिऱ्हाईक आहे हे त्यांच्या चेहऱ्यावर तोवर उमटले होते.

बसल्या बसल्या ज्या गोष्टी दिसल्या आणि ऐकू आल्या त्या मात्र खटकल्या. लस देण्याची जागा म्हणजे दुकानाच्या कोपऱ्यात एक पडदा, आणि पडद्याआडचे बोलणे गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला ऐकू जात होते. माझ्यानंतर आलेल्या तरुणीला आत जाण्यापूर्वीच, सगळ्यांच्या देखत, दिवस गेले आहेत का असे विचारण्यात आले. प्रश्न योग्यच होता, कारण गरोदरपणी फ्लू अधिक त्रासदायक ठरू शकतो आणि म्हणून या काळात टोचून घेण्याची लस आवर्जून सुचवतात. पण तो विचारायची जागा ती नव्हती. दुसरे म्हणजे भिंतीवरचा फलक, ज्यावर ‘फ्लूपासून संपूर्ण संरक्षण’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते. हे खरे नाही. विषाणूंचा अंदाज बरोबर आलेल्या वर्षांतसुद्धा डॉक्टरकडे जावे लागेल अशा फ्लूचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. लस घेऊनही फ्लू झाला तर तो बहुतेक वेळा सौम्य असतो, रुग्णालयात जाण्याची पाळी कमी येते. एवढा लाभ माझ्या दृष्टीने भरपूर आहे, त्याला खोट्या फलकाची गरज नाही. उलट असा फलक वाचून गेलेला माणूस महिन्याभराने तापला की लशीवरचाच विश्वास गमावून बसतो.

चार दिवसांनी आईला घेऊन गेलो तेव्हा संध्याकाळची गर्दी होती आणि बाईंच्या जागी एक तरुण फार्मासिस्ट होते. लस आलेली होती. आईची सगळी औषधे याच दुकानातून जात असल्यामुळे तिच्या गोळ्यांची यादी त्यांच्या पडद्यावर होती, आणि तिने अर्जावर लिहायची विसरलेली रक्त पातळ करणारी गोळी त्यांनीच निदर्शनास आणली. लस नाकारायची गरज नव्हती. त्यांनी बारीक सुई वापरली, नंतर कापूस न चोळता पूर्ण दोन मिनिटे दाबून धरला आणि घरी गेल्यावर हाताला मोठी सूज किंवा काळे-निळे दिसले तर लगेच कळवा, असे आईला सांगितले. दुकानात लस घेण्याच्या बाजूने मला दिसलेला सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. आजच्या एका भेटीपुरते भेटणाऱ्या लसीकरण शिबिरातल्या माणसाला ती गोळी कळली नसती.

आणि मग त्याच फार्मासिस्टनी, पुढची रांग पाहून, “आई, तुम्हाला बरे वाटत असेल तर निघालात तरी चालेल,” असे म्हटले. आम्ही पंधरा मिनिटे बसलोच, पण एकुलत्या एका खुर्चीवर आई आणि तिच्या शेजारी मी उभा, अशा थाटात. ज्या दुकानाला रोज इतक्या माणसांना लस द्यायची आहे त्याने तीन-चार खुर्च्या मांडायला हरकत नाही.

आपापल्या लशीच्या दुसऱ्या दिवशी माझा दंड दुखत होता, आईला संध्याकाळपर्यंत थोडी कणकण होती. दोघांचेही त्यानंतरच्या दिवशी थांबले. आईने “मला फ्लूच झाला बघ,” असे जाहीर केले होते, पण टोचून घ्यायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यापासून फ्लू होऊ शकत नाही. कणकण ही शरीर कामाला लागल्याची खूण. ते काम पुरे व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून हंगाम ऐन भरात येण्याची वाट पाहत बसू नये. लहान मुलांसाठी जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी, कारण हे दुकान लहान मुलांना लस देत नाही. शिवाय सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलाला पहिल्याच वर्षी किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात.

घरी आल्यावर दोघांच्या पावत्या शेजारी ठेवल्या तेव्हा शेवटचा फरक दिसला. माझ्या पावतीवर लशीचे नाव, बॅच क्रमांक, मुदत आणि कोणत्या दंडात दिली हे सगळे होते. आईच्या पावतीवर फक्त तारीख आणि सही. बॅचमध्ये कधी दोष निघाला तर त्या क्रमांकावरूनच माणसे शोधतात, म्हणून मी परत गेलो. तरुण फार्मासिस्टनी माफी मागितली, संगणकातली नोंद उघडली, आणि फ्रिजवरच्या टोपलीतले रिकामे खोके काढून दोन्ही आकडे जुळवून पाहिल्यावरच क्रमांक पावतीवर लिहिला. पुढच्या वर्षी मी इथेच येणार आहे, मात्र सकाळच्या वेळी, आणि फोनवर ‘फ्रिज उघडून पाहून सांगा’ असे म्हणून.