जळगावात रूम शोधून देणारी एजन्सी, ५ पैकी १ स्टार

जूनमध्ये भुसावळहून जळगावला बदली झाली, पोरीच्या शाळेजवळ दोन खोल्या पाहिजे होत्या म्हणून एका एजन्सीत गेलो. नाव लिहीत नाही. ऑफिस चांगलं, बोलणं चांगलं, ५०० रुपये रजिस्ट्रेशन आणि रूम मिळाली की एक महिन्याचं भाडं कमिशन. रिंग रोडकडच्या तीन रूम मला पसंत पडल्या. मग एजन्सीवाल्या भाऊंनी आडनाव विचारलं, त्यावरून कळेना म्हणून गाव विचारलं, मग गावात घर कोणत्या भागात ते, आणि शेवटी सरळच, "समाज कोणता?" मी सांगितलं, बौद्ध.

लगेच तीनही रूम कालच गेल्या म्हणे. समोर रजिस्टर उघडं होतं, प्रत्येक रूमपुढे भाडं, डिपॉझिट आणि मालकाला कोण चालेल त्याचा रकाना. "साहेब, तुम्हाला तुमच्या लोकांत बरं पडेल," असं म्हणून शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या रूम दाखवायला पोरगं पाठवलं. भाडं तेवढंच, शाळा लांब.

घर कोणत्या भागात हा प्रश्न आमच्याकडे साधा नाही हो. आमचं गाव चाळीसगाव तालुक्यातलं, आजोबांचं घर गावकुसाबाहेर, ती जागा त्यांनी निवडलेली नव्हती. १९२९ मध्ये बाबासाहेब सरकारी समितीच्या कामाने खान्देशात आले होते, धुळे लाईनवरच्या एका गावात अस्पृश्यांवर टाकलेल्या बहिष्काराची चौकशी करून परत चाळीसगाव स्टेशनला उतरले. आमच्या लोकांची वस्ती नदीपलीकडे, आणि त्यांना टांग्यात घेऊन जायला एकही टांगेवाला तयार नाही. शेवटी टांगा भाड्याने मिळाला पण हाकायला वस्तीतलाच माणूस बसला ज्याला टांग्याची सवय नव्हती, पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. वस्ती कुठे आहे यावरून तिथे जाणाऱ्याशी कसं वागायचं ते ठरत होतं, आणि मला एजन्सीत तेच विचारत होते.

डिसेंबर २०२० मध्ये सरकारने वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचं ठरवलं, चांगलंच केलं, पण घरं हलली नाहीत ना. आमचं घरकुल झालं, पक्कं झालं, तेही त्याच जागेवर, कारण घरकुलाला स्वतःची जागा लागते आणि आमच्या नावावर जागा फक्त तिथेच. म्हणजे सरकारचा पैसा आला तरी नकाशा तोच. शहरात आलं की तोच नकाशा या रजिस्टरात. जातीवरून भेदभावाला बंदी करणाऱ्या घटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावं आहेत, भाड्याच्या खोलीचं नाही. २००५ मध्ये तर सुप्रीम कोर्टाने एका हाउसिंग सोसायटीचा फक्त पारशी सभासद घ्यायचा नियम चालवून घेतला.

५०० रुपये परत मागितले, दिले नाहीत. पुढे ऑफिसातल्या एका ताईंच्या ओळखीने रूम मिळाली, मालकीणबाईंनी विचारलं ते एवढंच की माणसं किती आणि नळ आला की पाणी भरायला घरी कोण असतं.

एक स्टार दिला तो रूम दाखवायला आलेल्या त्या पोरासाठी. गाडीवर जाताना त्याने स्वतःहून सांगितलं, काका, त्या तीनही रूम रिकाम्या आहेत, चाव्या माझ्याकडेच आहेत. तुम्ही जाणार असाल तर ५०० भरायच्या आधी त्या रकान्यात काय लिहिलंय ते बघायला मागा.