चार दिवे, चोवीस अध्याय की मातीची गव्हाणी?

नोव्हेंबर संपत आला की आमच्या मिरजेच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, तरुण जोडपी विचारतात, घरात नाताळची एखादी आपली रीत सुरू करायची आहे, पण कपडे आणि फराळातच पगार संपतो, तर काय करावं? आमच्या घरात तीन रीती करून झाल्या. तिन्हींना खर्च जवळजवळ नाही. घरातली माणसं रोज किती वाजता एकत्र येतात आणि मुलं केवढी आहेत, एवढं आधी पाहा.

आगमनकाळाचे, म्हणजे नाताळची वाट पाहण्याच्या आधीच्या आठवड्यांचे, चार दिवे सगळ्यात सोपे. २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमध्ये जो रविवार येतो त्या दिवशी पहिला लावायचा, मग दर रविवारी एक वाढवायचा. आशा, शांती, आनंद, प्रीती हा क्रम आम्ही धरतो. जांभळ्या मेणबत्त्या शोधत बाजारभर फिरू नका. १८३९ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गला योहान विखर्न या पाळकांनी अनाथ, गरीब मुलांसाठी ही रीत सुरू केली, तेव्हा मेणबत्त्या गाडीच्या चाकावरच लावल्या होत्या. दिवाळीच्या चार पणत्या आणि एक ताट पुरे. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं द्यायची. ज्या घरात कुणाची दवाखान्यात नाईट असते, आणि मिरजेत अशी घरं पुष्कळ, तिथे हीच रीत टिकते.

दुसरी रीत वाचनाची. बायबलमधलं येशूचं चरित्र सांगणाऱ्या लूकच्या शुभवर्तमानाचे अध्याय चोवीस. १ डिसेंबरपासून रोज एक वाचला की २४ तारखेला पुस्तक संपतं. १० तारखेला चांगला शोमरोनी येतो, १५ ला उधळ्या पुत्र, १९ ला झाडावर चढलेला जक्कय. आठवी-नववीतली मुलं यात रमतात, प्रश्नही विचारतात. पण पहिलाच अध्याय ८० वचनांचा आहे, पाच वर्षांचं मूल तिथेच झोपतं. दिव्यांचा एक रविवार हुकला तर पुढच्या रविवारी दोन लावता येतात. इथे तीन दिवस चुकले की थकबाकी वाढते आणि वाचन बंद पडतं. आमचं एका वर्षी असंच बंद पडलं होतं, त्याची रुखरुख अजून आहे. आणखी एक लक्षात ठेवा, २४ च्या रात्री तुम्ही पुनरुत्थानाच्या, म्हणजे येशू मरणातून उठल्याच्या, अध्यायावर असता. म्हणून २५ ला सकाळी येशूच्या जन्माचा दुसरा अध्याय पुन्हा वाचायचा. मरण आणि कबर ओलांडून बाळाकडे परत येताना तीच ओळखीची वचनं ऐकून माझा गळा दाटतो.

मुलं दहाच्या आतली असतील तर मात्र मी बिनदिक्कत गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, सांगेन. दिवाळीचा किल्ला अंगणात उभाच असतो, त्याची माती भिजवली की येशूच्या जन्मगावाचा, बेथलेहेमचा डोंगर तयार. बेंदराला आळीतली पोरं बैल वळतात तसेच बैल, गाढव, मेंढरं मुलांनीच वळायची, पाय मोडले तरी चालतील. इटलीतल्या असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावात खरा बैल, खरं गाढव आणि गवत आणून गव्हाणी मांडली होती, तीही गावकऱ्यांना डोळ्यांनी दिसावी म्हणून. आपल्याकडे तेव्हा ऊसतोड चालू असते, छपराला पाचट फुकट मिळतं. पाचटाची पात हात कापते, त्यामुळे बाळाच्या अंथरुणाला पेंढाच घ्या. कुणासाठी काही चांगलं केलं की गुपचूप एक काडी गव्हाणीत टाकायची, काय केलं ते सांगायचं नाही. बाळ २४ च्या रात्रीच ठेवायचं. तोवर रिकामी गव्हाणी मुलं रोज वाकून बघतात. वाट पाहणं म्हणजे काय हे मला त्यांच्याकडे बघूनच समजलं. तीन-चार संध्याकाळी जातात आणि फरशी चिखलाने माखते, तेवढी तयारी ठेवा.

तिन्ही एकदम सुरू करू नका. या वर्षी एकच घ्या.

फराळाचं काय, हेही विचारतात. पाच पदार्थांऐवजी करंज्या आणि चिवडा एवढंच करा, पण शेजारी द्यायचं ताट चुकवू नका. दिवाळीत ज्या घरांतून आपल्याकडे ताट आलं, त्या प्रत्येक घरी नाताळला आपलं जायला हवं. आमच्याकडे ते मुलंच घेऊन जातात, आणि येताना शेजारची पोरं गव्हाणी बघायला सोबत येतात.