फाइल हाताळणाऱ्या एजंटसाठी टूलचं वर्णन: एका ओळीचं की सविस्तर?

एजंट म्हणजे स्वतः पावलं ठरवून काम करणारं एआय मॉडेल, आणि टूल म्हणजे त्याला वापरायला दिलेलं कोडमधलं फंक्शन. एजंटला टूलचा कोड दिसत नाही. त्याला दिसतं ते टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा साचा, म्हणजे टूलला कोणती माहिती द्यायची ते. फाइल हलवायची की पुसायची, हे तो एवढ्यावरूनच ठरवतो. त्यामुळे वर्णन किती लिहायचं हा प्रश्न मी फार गांभीर्याने घेतो.

एकाच टूलची ही दोन वर्णनं पाहा.

पहिलं: «फाइल एका जागेवरून दुसरीकडे हलवते.»

दुसरं: «फाइल किंवा फोल्डर हलवते, नाव बदलायलाही हेच वापरा. नव्या जागी त्याच नावाची फाइल असेल तर एरर येते, जुन्या फाइलला धक्का लागत नाही. मूळ फाइल जागेवर ठेवून प्रत हवी असेल तर कॉपी_फाइल वापरा.»

पहिल्यात चुकीचं काहीच नाही. पण नव्या जागी त्याच नावाची फाइल आधीच असली तर काय होणार, हे त्यातून कळत नाही. लिनक्सवरची फाइलचं नाव किंवा जागा बदलणारी रिनेम कॉल अशा वेळी जुनी फाइल न विचारता घालवते; विंडोजची त्याच कामाची साधी मूव्हफाइल एरर देते. मॉडेलला दोन्ही रीती माहीत असतात, तुमच्या टूलची कोणती हे मात्र तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. मग ते अंदाज बांधतं, आणि तो चुकला तर कुणाची तरी वर्षभराची बिलं जातात.

सविस्तर वर्णनाची किंमतही आहे. ते साधारणपणे प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातं. 14 टूलं आणि प्रत्येकी 150 शब्द धरले तरी 2100 शब्द होतात, आणि तेही काम सुरू होण्याआधी. शिवाय सगळीकडे तोच मजकूर आला की दोन टूलांमधला नेमका फरक त्यात बुडून जातो.

म्हणून माझा कौल सरसकट कुठल्याच बाजूला नाही. वाचणाऱ्या आणि यादी देणाऱ्या टूलांना एक-दोन ओळी पुष्कळ. लिहिणाऱ्या, हलवणाऱ्या, पुसणाऱ्या टूलांवर मात्र शब्द सढळ हाताने खर्च करा: आधीची फाइल राहते की जाते, पुसलेलं परत मिळतं का, एरर आली तर पुढे काय करायचं. एआय कंपनी अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये आणलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलच्या (मॉडेलला टूलं जोडण्याच्या सामाईक पद्धतीच्या) नमुना फाइल सर्व्हरमध्ये राइट_फाइलचं वर्णनच बजावतं की जुनी फाइल कोणतीही सूचना न देता ओव्हरराइट होईल. हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं.

वर्णन आणि कोड यांत मेळ हवा, हे मात्र आधी तपासा. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड जेएसमधली रिनेम आधीची फाइल ओव्हरराइट करते. ती तशीच वापरून वर्णनात «एरर येते» लिहिलं, तर ते एका ओळीच्या वर्णनापेक्षाही घातक ठरतं. तसंच «फक्त याच फोल्डरमध्ये काम करा» ही वर्णनातली विनंती झाली. बंदी कोडमध्येच घालावी लागते. याच प्रोटोकॉलमध्ये 2025 पासून टूलवर «फक्त वाचणारं» किंवा «नुकसान करू शकणारं» अशी खूण करता येते, पण ती खूणही इशाराच आहे, कुलूप नव्हे.

वर्णन मराठीत लिहावं की इंग्रजीत? देवनागरी मजकुराला बहुधा जास्त टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं ते) लागतात, पण वर्णन सांभाळणारी टीम ज्या भाषेत बिनचूक लिहिते ती भाषा निवडा, असंच मी सांगेन. आपल्याकडची खरी अडचण फाइलींच्या नावांत आहे. «दुसऱ्या तिमाहीचा हिशेब» यातला ऱ एकाच युनिकोड चिन्हाने लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन चिन्हांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखेच. बहुतेक लिनक्स फाइल सिस्टिमना मात्र ती दोन वेगळी नावं. एजंटने नाव स्वतः लिहून काढलं की «फाइल सापडली नाही» असं उत्तर येऊ शकतं, आणि मग तो त्याच नावाची दिसणारी दुसरी फाइल तयार करून बसतो. त्यासाठी वर्णनात एक ओळ घाला: «फाइलचं नाव पुन्हा टाइप करू नका, लिस्ट_डिरेक्टरीने दिलेलं जसंच्या तसं वापरा.»

तरीही निवड होत नसेल तर फोल्डरची प्रत काढा आणि दोन्ही वर्णनांना तीच दहा कामं द्या. त्यांत एक काम असं ठेवा की नव्या जागी त्याच नावाची फाइल आधीपासून असेल, आणि एका फाइलच्या नावात ऱ असू द्या.