झिरो टर्न मोअर : एप्रिल ते नोव्हेंबर वापरल्यावर

एप्रिलमध्ये घेतलेल्या झिरो टर्न मोअरचा, म्हणजे वर बसून चालवायच्या आणि जागेवर वळणाऱ्या गवत कापायच्या मशीनचा, पहिला सीझन संपला, आता गाडी गॅरेजमध्ये कव्हर घालून बसलीये, तर ओळखीतले बरेच जण विचारत होते म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आम्ही ओहायोमध्ये, कोलंबसच्या बाहेर, लॉट सव्वा एकर, घर-ड्राइव्हवे-झाडं सोडली तर कापायला साधारण एक एकर उरतं. म्हणजे चाळीस गुंठे नुसतं गवत! सासरे आले होते तेव्हा म्हणाले, एवढ्यावर दोन म्हशी आरामात निघाल्या असत्या. नवऱ्याला गवताची ॲलर्जी आहे त्यामुळे लॉन हे खातं माझं. आधी लॉन सर्व्हिसवाला यायचा, दरवेळी साठ-सत्तर डॉलर, आणि मे महिन्यात गवत इतकं फोफावतं की आठवड्यातून एकदा कापून पुरत नाही, तो हिशोब बघूनच मशीन घ्यायचं ठरलं.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण प्रत्येक कंपनीचा रंग ठरलेला, नाव सांगितलं की सगळे हिरवा चांगला की लाल चांगला की नारिंगी यावर भांडत बसतात. रंगाखाली बघा. घरगुती मशीनची इंजिनं फिरून फिरून कावासाकी, कोहलर, ब्रिग्स अशा मोजक्याच कंपन्यांची असतात, आणि मागची चाकं फिरवणारी हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी, ट्रान्समिशन बहुतेकदा हायड्रो-गिअर कंपनीची. मग तीन हजार डॉलरच्या आणि साडेपाच हजारांच्या मशीनमध्ये फरक कशाचा? मुख्य फरक ट्रान्समिशनचा आणि डेकचा (डेक म्हणजे खालचा पत्र्याचा डबा, ज्यात पाती फिरतात), आणि जाहिरातीत मात्र मोठ्या अक्षरात फक्त हॉर्सपॉवर असते.

स्वस्तातल्या मशीनला जे छोटं ट्रान्समिशन येतं ते सीलबंद असतं, त्याला बाहेरून फिल्टर नाही, तेल बदलायची सोय धरलेलीच नाही. सपाट अर्धा एकर असेल तर ते चालेलही बरीच वर्षं. पण चढ असेल, उन्हात सलग दीड तास चालवायचं असेल तर तेल तापतं, पातळ होतं आणि मशीन चढावर रडायला लागतं. माझ्या मशीनमध्ये झेडटी-2800 ट्रान्समिशन आहे, त्याला बाहेर फिल्टर आहे, पहिलं तेल 75 तासांनी बदलायचं, मग दर 400 तासांनी, 20W-50 तेल. इंजिन कावासाकी एफआर 691, 23 हॉर्सपॉवर. दुकानात गेलात की सेल्समनला पहिला प्रश्न हाच विचारा, ट्रान्समिशन कुठलं? तो ब्रोशर चाळायला लागला तर काय ते समजून घ्या.

डेक 48 इंची, फॅब्रिकेटेड, म्हणजे जाड पत्रे वेल्ड करून केलेला. दुसरा प्रकार स्टँप्ड, एकाच पत्र्यातून दाबून काढलेला, हलका असतो आणि खरं सांगायचं तर कापतो छान, पण आमच्याकडे मेपलची मुळं जमिनीवर आलेली आहेत त्यामुळे मला जाड हवा होता. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात, गेजचा आकडा जितका कमी तितका पत्रा जाड, 10 गेज 12 पेक्षा जाड, इथे लोक उलटं समजतात. घ्यायच्या आधी कुंपणाच्या गेटची रुंदी मोजा. 48 इंची डेक म्हणजे कापायची रुंदी 48, बाजूला गवत फेकणारी झडप धरून मशीन त्याहून बरंच रुंद होतं.

आता चालवायचं. स्टिअरिंग नाही, मांडीवर येणाऱ्या दोन दांड्या, दोन्ही पुढे ढकलल्या की पुढे, एक पुढे एक मागे केली की जागेवर गरकन. सासऱ्यांनी जन्मभर ट्रॅक्टर चालवलाय, तेही पहिल्यांदा बसले तेव्हा सापासारखे वळत गेले, त्यामुळे कुणी लाजायचं कारण नाही. पण जागेवर वळतं म्हणून खरंच जागेवर वळू नका. एक चाक थांबवून दुसऱ्यावर फिरलात की थांबलेल्या चाकाखालचं गवत पिळवटून निघतं, ओली जमीन असेल तर मातीसकट, आणि ओळीच्या टोकाला बशीएवढं टक्कल पडतं. ओळ संपली की थोडं मागे घेऊन इंग्रजी वाय काढल्यासारखं वळायचं, दोन्ही चाकं सतत फिरती ठेवायची, आठवडाभरात हाताला सवय होते. माझी उंची पाच फूट एक इंच, तर सीट पूर्ण पुढे आणि दांड्या खालच्या भोकात लावल्यावर बरोबर बसलं, दुकानात बसून बघितल्याशिवाय घेऊ नका. सीटखाली स्विच असतो, माणूस उठला की पाती बंद. मी हलकी असल्यामुळे खड्ड्यातून उसळले की तो स्विच सुटायचा आणि पाती बंद पडायची, वैताग नुसता. डीलरने सीटच्या स्प्रिंग माझ्या वजनाला ॲडजस्ट केल्या तेव्हा थांबलं. स्विच बायपास करायचे व्हिडिओ आहेत, ते अजिबात करू नका. आणि पोराला मांडीवर बसवून गवत कापायचे फोटो गावाकडच्या ग्रुपवर टाकणाऱ्यांना हात जोडून सांगते, खाली तीन सुऱ्या फिरतायत हो!

उताराचं मात्र नीट वाचा. याला पुढची चाकं नुसती लोळणारी असतात, वळवणं आणि थांबवणं दोन्ही मागच्या चाकांवर. उतारावर ओल्या गवतात मागची चाकं सरकली की तुमच्या हातात काहीच उरत नाही. बऱ्याच मशीनच्या मॅन्युअलमध्ये 15 अंश ही हद्द असते, काहींत त्याहून कमी, फोनमधल्या लेव्हलने मोजता येतं. आमच्या रस्त्याकडेला पाणी जायचा चर आहे, तिथला उतार मी साध्या ढकलायच्या मोअरने कापते. मे महिन्यात मागच्या सखल भागात मशीन रुतलं तेव्हा आणखी एक शिकले, इंजिन बंद असताना ढकलायचं असेल तर मागे दोन बायपास लिव्हर असतात, त्या ओढल्याशिवाय चाक तसूभर हलत नाही.

दुखणं एकच निघालं. जुलैमध्ये डेकमधून किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला, बेल्ट ताणणाऱ्या पुलीचं बेअरिंग गेलं होतं. पार्ट वॉरंटीत, पण मशीन न्यायला-आणायला ट्रेलरचे पैसे आमचेच, आणि ऐन सीझनमध्ये डीलरकडे दोन आठवडे पडून. तरी डीलर वीस मिनिटांवर आहे म्हणून निभावलं. मोठ्या दुकानातून दोन-तीनशे डॉलर वाचवणाऱ्यांनी आधी विचारा की दुरुस्ती नक्की कोण करणार, कारण तिथे बहुतेक वेळा तिसऱ्याचाच पत्ता हातात ठेवतात.

कटिंग झकास येतं. साडेतीन इंचावर ठेवते, एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापत नाही. टायरमधली हवा कमी-जास्त झाली की डेक तिरका होतो आणि लॉनवर पायऱ्या दिसतात, आधी हवा बघा, मग डेकला हात लावा. ओलं गवत डेकखाली लापशीसारखं थापून बसतं, ते दरवेळी खरवडावं लागतं. पातीला पंचवीसेक तासांनी धार लावते, बोथट झाली की गवताची टोकं फाटून पांढरी दिसतात. पेट्रोल इथे 10 टक्के इथेनॉलवालं, हिवाळ्यात टाकीत तसंच ठेवलं तर कार्बुरेटरचा बट्ट्याबोळ, म्हणून स्टॅबिलायझर टाकून इंजिन पाच-दहा मिनिटं चालवायचं, मग ठेवायचं. आवाज प्रचंड आहे, कानाला मफ हवेतच.

अर्ध्या एकरापेक्षा कमी असेल किंवा मागचं अंगण घसरगुंडी असेल तर झिरो टर्नच्या नादी लागू नका, साधा लॉन ट्रॅक्टर किंवा ढकलायचा मोअर पुरे. बॅटरीवालंही शेजाऱ्यांकडे चालवून बघितलं, शांत आहे, छान आहे, पण एकराच्या जाड गवताला बॅटरी पुरवायची तर किंमत माझ्या मशीनच्या वर जात होती. घ्यायचंच असेल तर एप्रिलमध्ये जाऊ नका, तेव्हा डीलरला मान वर करायला वेळ नसतो. पानं गळायला लागली की जा, तेव्हा तो निवांत असतो, टेस्टला पण देतो आणि भाव पण करतो.