च्यायला की सालं?

दूध उतू गेलं की आमची आजी 'च्यायला!' म्हणायची. पण तोच शब्द माझ्या तोंडून निघाला की डोळे वटारायची. 'त्याच्या आईला...' म्हणताना क्रियापद गळालं, मग 'त्या' गळालं आणि 'च्यायला' उरलं. पुढे 'च्या'ही झिजून नुसतं 'आयला' झालं. शिवी आईवरचीच होती, पण आता ती कोणाच्या आईला लागत नाही. बस चुकली तरी 'आयला', सचिननं षटकार मारला तरी 'आयला'.

'साला'चं तसं नाही. मूळ संस्कृत 'श्याल', म्हणजे बायकोचा भाऊ. 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकातला उन्मत्त शकार राजाचा श्यालच. एखाद्याला 'साला' म्हणणं म्हणजे त्याच्या बहिणीवर हक्क सांगणं. डंख तिथे आहे. मराठीत नात्यासाठी आपण 'मेहुणा' म्हणतो, त्यामुळे 'साला' बहुधा शिवीपुरताच राहिला. गंमत म्हणजे त्याला आपण लिंगंही दिली: साला, साली, सालं. 'सालं काही सुचतच नाही' यात कोणाचीच बहीण नाही, नुसता वैताग आहे.

मला 'सालं' चालतं, अगदी घरातसुद्धा. पण समोरच्याकडे बघून म्हटलेलं 'ए साल्या' अजून बोचतं. जिवलग मित्र म्हणाला तर प्रेम, अनोळखी रिक्षावाल्याला म्हटलं तर भांडण. 'आयला'ला हा धोका नाही, कारण त्याचं रूपच बदलत नाही आणि तो कोणाला उद्देशून म्हणताच येत नाही. तरी सासरच्या मंडळींसमोर तो माझ्याही ओठांतच अडकतो.