पाणी तपासणीचं फील्ड किट : विहिरीसाठी घ्या, नाल्यासाठी नको

पदवीच्या वर्गांना पर्यावरण अभ्यास सक्तीचा झाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशामुळे. त्यावरून यूजीसीने जो सहा महिन्यांचा सामायिक अभ्यासक्रम आखला, त्यात १०० पैकी २५ गुण फील्डवर्कला होते. आपल्याकडे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या कॉलेजांत हे फील्डवर्क बहुतेक वेळा पाण्यावर येतं, आणि मग विज्ञान साहित्याच्या दुकानातून निळ्या पेटीतलं तयार किट मागवलं जातं. पीएच, गढूळपणा, जडपणा, क्लोराइड, उरलेला क्लोरीन, नायट्रेट, फ्लोराइड, लोह आणि जंतूंसाठी काळ्या पट्टीच्या बाटल्या, असं त्यात सगळं असतं. हे किट पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेलं आहे. ते ध्यानात ठेवून वापरलं तर उत्तम काम देतं.

सगळ्यात शिकवण्यासारखी चाचणी जडपणाची. नमुन्यात अमोनियाचं बफर, मग चिमूटभर काळी इंडिकेटर पूड टाकायची. पाणी दारूसारखं लालसर होतं. ईडीटीए या मोजणीच्या द्रावणाचे थेंब टाकत जायचं आणि रंग स्वच्छ निळा होईपर्यंत मोजायचे. पेटीतल्या पत्रकाप्रमाणे एक थेंब म्हणजे लिटरला २५ मिलिग्रॅम. इथेच आपल्या जिल्ह्याची अडचण येते. खानापूरकडच्या जांभ्या खडकातलं पाणी मऊ, एकदोन थेंबांतच निळं होतं, म्हणजे ३० आणि ५० यांतला फरक कळतच नाही. तिथे नमुना चौपट घ्यावा, बफर आणि पूडही त्या प्रमाणात वाढवावी, आणि थेंबाची किंमत पाव धरावी. उलट अथणीकडच्या काळ्या रानातल्या बोअरचं पाणी थेंबामागून थेंब टाकले तरी लालच राहतं. त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर मिसळून अर्धं करावं आणि उत्तराला दोनने गुणावं. भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) जडपणाची स्वीकार्य मर्यादा २०० आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० आहे. मुलांनी दोन्ही आकडे लिहावेत, नाहीतर अर्ध्या तालुक्याचं पाणी अहवालात नापास होतं.

रंग निळा न होता जांभळटच राहिला तर आधी बफरकडे बघा. बाटलीचं झाकण उघडं राहिलं की अमोनिया उडून जातो, पीएच १० वरून खाली येतो आणि शेवटचा टप्पा पुसट होतो. शेवटचे थेंब सावकाश टाकावेत. थंड पाण्यात ही क्रिया मंद चालते, घाई केली की दोनतीन थेंब जास्त मोजले जातात.

नायट्रेटच्या चाचणीत दोन चुका नेहमीच्या. जस्ताची पूड टाकून हलवल्यावर गुलाबी रंग चढत राहतो, म्हणून पत्रकात दिलेल्या मिनिटाला रंगपट्टीशी जुळवायचं, चहा पिऊन आल्यावर नाही. दुसरी चूक एककाची. काही रंगपट्ट्या ‘नायट्रेट’ दाखवतात, काही ‘नायट्रेट-नायट्रोजन’. दुसऱ्या आकड्याला ४.४३ ने गुणल्याशिवाय तो लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेशी ताडता येत नाही. उसाच्या पट्ट्यात युरियाचा वापर भरपूर, त्यामुळे विहिरींसाठी हीच चाचणी सर्वात महत्त्वाची, आणि आकडा चुकला तर सगळा प्रोजेक्टच वाया जातो.

फ्लोराइडवर फारसा भरवसा ठेवू नका. १.० आणि १.५ च्या छटा इतक्या जवळ आहेत की दोन विद्यार्थी दोन उत्तरं देतात. उरलेला क्लोरीन नळाशी उभं राहूनच बघावा. राकसकोप धरणाचं नळाचं पाणी बाटलीत भरून कॉलेजात आणलं, उन्हात राहिलं, की आकडा खाली येणारच. किट घेताना क्लोरीनसाठी ऑर्थोटोलिडिन या रसायनाऐवजी डीपीडीच्या गोळ्या आहेत का ते विचारा. ऑर्थोटोलिडिन आरोग्याला घातक आहे, शिवाय लोह-मँगनीज असलं तरी पिवळं पडतं.

जंतूंच्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ३० ते ३७ अंशांत २४ ते ४८ तास ठेवायचं. काळं झालं म्हणजे मैल्याच्या जंतूंचा संशय. बेळगावच्या डिसेंबरात खोलीत ठेवलेली बाटली उशिरा काळी होते, म्हणून एका दिवसात निकाल लिहू नये; थर्मोकोलच्या पेटीत कोमट पाण्याची बाटली सोबत ठेवली तर मदत होते. कुजक्या अंड्याचा वास येणारं बोअरचं पाणी जंतूंशिवायही काळं होऊ शकतं, ते वेगळं नोंदवा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आधी थायोसल्फेटने मारावा. आणि काळी झालेली बाटली तशीच कचऱ्यात टाकू नये, त्यात ब्लीचिंग पावडर घालून तासभर ठेवून मग रिकामी करावी.

आता नाल्याबद्दल. शहापूर-वडगावच्या शिवारातून जाणाऱ्या बळ्ळारी नाल्यावर प्रोजेक्ट करायला मुलांना आवडतं, आणि ते योग्यच आहे. तिथल्या भातशेतीचा प्रश्न त्या नाल्याशी बांधलेला आहे. पण या पेटीत विरघळलेल्या ऑक्सिजनची चाचणीच नाही. सांडपाण्याच्या नाल्यात पीएच ७ च्या आसपास आणि जडपणा मध्यम आला, तर अहवाल ‘पाणी ठीक’ असा निघतो, आणि तो साफ खोटा असतो. त्यासाठी किटच्या पैशांतून ३०० मिलिच्या बीओडी बाटल्या, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घ्यावं. बाटली बुडबुडा न राहता भरायची, दोन्ही द्रव नाल्याकाठीच टाकायचे. तपकिरी साका म्हणजे ऑक्सिजन आहे, पांढरा म्हणजे संपलेला. एवढं तिथंच दिसतं, पुढचं टायट्रेशन कॉलेजात करता येतं. बीओडी (पाण्यातली घाण कुजताना जंतू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप) हवा असेल तर २७ अंशांना ३ दिवसांची पद्धत आपल्या हवेला सोयीची.

पेटीतलं पत्रक इंग्रजी-हिंदीत आहे. प्रत्येक बाटलीवर मराठी आणि कन्नड चिठ्ठी चिकटवली की मुलं बाटल्या अदलाबदल करत नाहीत.

घेताना एक्स्पायरी बघा, विशेषतः इंडिकेटर आणि रंगपट्टीवरची. उन्हात ठेवलेली रंगपट्टी फिकी पडते. क्लोराइडसाठीचं सिल्व्हर नायट्रेट काळ्या बाटलीतच असावं. त्या चाचणीतल्या क्रोमेटचा उरलेला द्रव सिंकमध्ये ओतू नका, झाकणाच्या वेगळ्या डब्यात साठवून रसायनशास्त्र विभागाकडे द्या.