दोन्ही पाकिटांवर एकच नंबर: डुप्लिकेट डिस्क पॅडचा अनुभव

मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकचे पुढचे पॅड ७८० रुपये, मागचे ६२०, वर बसवायचे २००. हे १,६०० रुपये मोजून मी बायकोला मागे बसवून ताम्हिणी घाट उतरायला लागलो, आणि एका वळणावर समोरून एसटी आली तेव्हा गाडी थांबेना. कडेच्या मातीत घातली म्हणून दोघंही वाचलो. ज्याने तो माल विकला तो मात्र आजही त्याच गल्ल्यावर बसून तोच माल विकतोय. म्हणून लिहितोय.

डुप्लिकेट पार्टचा धंदा कसा चालतो हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पाकीट हुबेहूब, आत कचरा, आणि ग्राहक घेऊन येणाऱ्या मिस्त्रीला कमिशन. मलाही ते माहीत होतं. पुण्यातल्या नाना पेठेतून मी वर्षानुवर्षं केबल, चेन-स्प्रॉकेट, क्लच प्लेट घेत आलोय आणि तिथली बहुतेक दुकानं सरळ आहेत. नेहमीच्या दुकानात माझ्या गाडीचे पॅड नव्हते, म्हणून मिस्त्रीने सांगितलेल्या दुकानात गेलो. मिस्त्रीने नाव सुचवलं की पाय मागे घ्या, हे आता सगळ्यांना सांगतो.

गाडी २२० सीसीची, २०१९ सालची, पुढे-मागे डिस्क. जुन्या पॅडवरची झीज दाखवणारी खाच पार झिजून गेली होती. मला साधे ऑर्गॅनिक, म्हणजे तंतू आणि राळ मिसळून केलेले पॅड हवे होते. दुकानदार म्हणाला, "दादा, घाटात फिरता ना? मग सिंटर्ड घ्या. ऑर्गॅनिक तापलं की धरत नाही." यात धडधडीत खोटं काही नव्हतं, हेच दुखणं आहे. धातूची पूड दाबून, भट्टीत भाजून केलेला थर म्हणजे सिंटर्ड. तो जास्त उष्णता सोसतो, पावसात बरा धरतो, जास्त टिकतो. फक्त डिस्क लवकर झिजवतो. हे मी आधीच वाचलेलं होतं. माणूस माहितीतलं बरोबर बोलतोय म्हटल्यावर त्याचा मालही बरोबर असेल असं मी धरलं. माझ्या जागी कुणीही धरलं असतं.

पाकिटावर 'एचएच' छापलेलं होतं. या दोन अक्षरांतलं पहिलं थंड पॅडच्या पकडीचं, दुसरं तापलेल्या पॅडच्या. 'एच' म्हणजे घर्षणांक ०.५५ च्या वर, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. पण पॅडच्या मागच्या पत्र्यावर काहीच नव्हतं. कोड नाही, बॅच नंबर नाही, नुसता काळा रंग. पाकिटावरची अक्षरं कोणताही छापखाना छापून देतो. पत्रा उलटा करून बघा, आणि दुकानातच बघा.

खरा संताप मला वेगळ्याच गोष्टीचा येतो. दोन्ही पाकिटं काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली होती. दोन्हीवर चंदेरी होलोग्राम, खाली खरवडायची पट्टी. ती त्यानेच खरवडून दाखवली, "बघा, ओरिजिनल." आतला नंबर मी वाचला. पुढच्या पॅडच्या पाकिटावर शेवटचे चार आकडे ४४७१. मागच्याच्या पाकिटावरही ४४७१. पुढचे पॅड वेगळे, मागचे वेगळे, आकार वेगळा, पार्ट नंबर वेगळा, आणि पडताळणीचा नंबर तोच! हा नंबर असतोच मुळी प्रत्येक पाकिटाला निराळा; नाहीतर पडताळणार काय? माझ्या डोळ्यांसमोर ते आकडे होते. मनात आलं, एकाच लॉटचे असतील. मागे गिऱ्हाइकं उभी होती, दुकानदार कॅल्क्युलेटर बडवत होता, मिस्त्री गॅरेजमध्ये गाडी उघडून बसला होता. अशा वेळी चमकणारा होलोग्राम दिसला की नंबर ताडून बघायचं कुणाच्या डोक्यात येतं? पण ते दोन ४४७१ रात्री डोळे मिटले की दिसतात.

बिलाचंही तेच. म्हणाला, "पक्कं बिल हवं तर जीएसटी वरून लागेल." छापील किंमत सगळे कर धरूनच असते, वरून काही लागत नाही. जो असं म्हणतो त्याच्याकडून काहीच घेऊ नका. मला मिळाली ती कच्ची चिठ्ठी. पैसे यूपीआयने दिले, एवढा पुरावा तरी राहिला.

पॅड बसवल्यापासून आवाज येत होता. मिस्त्री म्हणाला, "नवीन आहेत, बसतील." नवे पॅड डिस्कवर बसायला थोडं अंतर लागतं हे खरंच आहे, म्हणून तेही पटलं. घाटात आधी जळका वास आला, मग पकड गेली. लिव्हर मात्र कडक होती. हे लक्षात ठेवा. नंतर दुकानदाराने सगळं खापर ब्रेक ऑइलवर फोडलं. ऑइल उकळलं किंवा लाइनमध्ये हवा गेली तर लिव्हर मऊ पडते, दाबली की हँडलपर्यंत येते. लिव्हर कडक आणि गाडी थांबत नाही, याचा अर्थ पॅड धरत नाहीये. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, उघडल्यावर ते दिसलंच. पुढच्या एका पॅडचा थर पत्र्यापासून सुटून निघाला होता आणि उघडा पत्रा डिस्कवर घासत होता. डिस्कवर नखाला लागतील असे चरे.

नवी डिस्क २,४५०. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून साधे ऑर्गॅनिक पॅड, पुढचे ५४०, मागचे ४३०. मजुरी ४५०, ब्रेक ऑइल १२०. आधीचे १,६०० धरून ५,५९० रुपये. आणि अस्सल पॅड नकलीपेक्षा ४३० रुपयांनी स्वस्त निघाले.

पोलिस चौकीत गेलो तर हवालदार म्हणाले, "हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक मंचात जा." सिव्हिल? भारतीय न्याय संहितेतलं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना? ते वाचून दाखवलं तर उत्तर आलं, "मग ज्या कंपनीचं नाव वापरलंय तिला तक्रार करायला सांगा." कंपनीला ईमेल केला. उत्तर आलं, आपला माल आमच्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेला नसल्याने मदत करता येत नाही. अहो, मी मदत मागत नव्हतो, तुमच्या नावाने विष विकलं जातंय हे कळवत होतो! एका सरकारी कार्यालयात पाकीटच घेऊन गेलो. त्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष नाही, ग्राहक तक्रारीचा नंबर नाही, पत्ता अर्धवट. वेष्टनावर या गोष्टी २०११ च्या नियमांनुसार सक्तीच्या आहेत. तिथल्या साहेबांनी पाकीट उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "अर्ज आवकमध्ये द्या." दिला. शिक्का मिळाला, पुढे काही नाही. ट्रेडमार्क कायद्यात खोटं चिन्ह वापरणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, पण झडती घ्यायची तर अधिकारी किमान पोलिस उपअधीक्षक दर्जाचा हवा आणि आधी ट्रेडमार्क निबंधकांचं मत हवं. हे मला चौकीत कुणी सांगितलं नाही, स्वतः शोधून वाचलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बनावट मालामुळे माणूस मेला तर किमान सात वर्षं, जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. मी मेलो नाही, म्हणून माझी फाइल हलत नाही, असंच समजायचं का?

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांच्या आत करता येते, आणि दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी आपण राहतो तिथे दाखल होते.

नोटीस पोचल्यावर दुकानदाराचा फोन आला. "दादा, १,४०० परत देतो, फक्त पॅड आणि पाकिटं आणून द्या." असा फोन तुम्हाला आला तर देऊ नका. माझे चारही पॅड, दोन्ही पाकिटं आणि चरे पडलेली डिस्क पिशवीत बांधून कपाटात कुलपात आहेत; आयोगाने मागितली की तिथेच नेऊन ठेवणार.